उलटून बघा! जुना बाजार, भंगार आणि घरातल्या ट्रंकेबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात सोलापूरच्या मंगळवार बाजारातून आणलेल्या एका काळ्याकुट्ट समईबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. दोन दिवस चिंच-मिठानं घासल्यावर ती कशी उजळली एवढंच त्यात होतं, पण त्यावर इतके प्रश्न आले की यावेळचं पूर्ण सदर त्यालाच दिलंय. पत्रं थोडी छोटी केलीत, नावं गाळलीत, राग मानू नका.

प्रश्न : ताई, आम्ही जुळे सोलापुरात फ्लॅट घेतलाय. वास्तुशांतीला पुण्या-मुंबईचे तीस-चाळीस पाहुणे येणार, त्यांना आहेर म्हणून टॉवेल द्यायचेत आणि घरात चादरी पण घ्यायच्यात. मिस्टर म्हणतात एमआयडीसीत जाऊन सेकंडचा माल किलोवर घेऊ, सासूबाई म्हणतात सेकंड म्हणजे फाटका, चाटी गल्लीत दुकानातून नीट घे. कुणाचं ऐकू?

आहेरापुरतं सासूबाईंचं ऐका आणि घरच्या वापराला मिस्टरांचं. आहेराची वस्तू पाहुणा घरी जाऊन उलगडतो आणि त्यात एक जरी डाग निघाला तरी तो डाग सोलापूरच्या नावावर जातो, म्हणून तिथं फ्रेश मालच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. घरच्या वापरासाठी मात्र सेकंडसारखी चांगली खरेदी नाही, फक्त सेकंड म्हणजे नक्की काय ते समजून घेऊन जायचं.

सेकंड म्हणजे फाटका नव्हे हो. मागावर टॉवेल विणताना मशीनच्या तेलाचा थेंब उडतो, कुठंतरी एक लूप ओढला जातो, दोन टॉवेलच्या रंगात किंचित फरक पडतो, किनार एका बाजूला अर्धा बोट वाकडी शिवली जाते. बाहेरची ऑर्डर असेल तर एवढ्यावरनं माल बाजूला काढतात. माझ्याकडे असा एक पांढरा टॉवेल आहे, कोपऱ्यात पेन्सिलीच्या टोकाएवढा तेलाचा ठिपका होता. भांड्याचा साबण त्यावर चोळून रात्रभर ठेवला आणि सकाळी धुतला तर ठिपका गेला, टॉवेल मात्र अजून अंग पुसतोय, सात वर्षं झाली.

आता हातात घेऊन काय बघायचं ते सांगते. टॉवेल ट्यूबलाईटसमोर धरा आणि दोन हातांनी थोडा ताणा. लुपांच्या मधनं खालची जाळी दिसायला लागली तर माल विरळ आहे, चार धुण्यात पातळ होणार. मग किनारीजवळचा भाग चिमटीत धरून ओढा, तिथं उभा धागा तुटलेला असेल तर बारीक रेघ दिसते किंवा भोक पडतं, तो टॉवेल परत ठेवा कारण तुटलेल्या ताण्याला इलाज नाही. एखादा लूप बाहेर लोंबत असेल तर मात्र घाबरू नका, कात्रीनं तेवढाच कापून टाका, विणलेल्या टेरीत, म्हणजे लूपवाल्या कापडात, एक लूप कापला म्हणून बाकीचे उसवत नाहीत. बायका तो ओढत बसतात आणि मग लांबच लांब रेघ पडते, ते करू नका.

किलोवर घेताना अजून एक हिशेब डोक्यात ठेवा. तीस बाय साठ इंचाचा अंघोळीचा टॉवेल साधारण सव्वा चौरस मीटरच्या थोडा आत भरतो, म्हणजे ४०० जीएसएमचा (एका चौरस मीटरला ४०० ग्रॅम) असेल तर पावणेपाचशे ग्रॅमच्या आसपास आणि ५००चा असेल तर पावणेसहाशे. एका किलोत अंदाजे दोन टॉवेल बसतात. तीन-साडेतीन बसले तर माल पातळ आहे हे उघड आहे, भले दर कितीही कमी सांगू दे. आणि हात लावल्यावर गार, दमट लागला तर तो गठ्ठा वजनाला घेऊ नका, तुम्ही पाण्याचे पैसे देताय.

चादरीचं थोडं वेगळं आहे. सोलापूर चादर आणि सोलापूर टेरी टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव आपल्या भागातल्या मालासाठीच आहे, तरी बाहेरून आलेला माल 'सोलापुरी' म्हणून सर्रास विकला जातो. अगदी आपल्या स्टँडसमोर सुद्धा! जकार्डवर, म्हणजे डिझाईन विणणाऱ्या मागावर, विणलेली आपली चादर उलटून बघितली की मागच्या बाजूला पण तेच डिझाईन दिसतं, फक्त रंग अदलाबदल झालेले असतात. मागची बाजू पांढरट, कोरी आणि डिझाईन नुसतं छापलेलं असेल तर सरळ खाली ठेवा. सूत खरं आहे का बघायला किनारीचा एक सुटा धागा मागून घ्या आणि बाहेर जाऊन काडीनं पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, राख बोटानं चुरडली जाते. पॉलिएस्टर आकसतं, वितळतं आणि टोकाला कडक गोळी होते. दुकानदाराला विचारून करा, चांगला दुकानदार स्वतःच काडेपेटी पुढं करतो.

आणि ताई, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जाल तेव्हा दुपारी जेवणाच्या वेळी जाऊ नका. पूर्व भागात, साखर पेठ, अशोक चौकाकडं, ज्यांच्या दारात दोन-चार माग आहेत तिथंही विचारा. अक्का, अण्णा म्हणून नीट बोललं की ती माणसं माल स्वतः उलगडून दोष कुठं आहे ते बोट ठेवून दाखवतात. मी तर त्यांच्याकडूनच शिकले सगळं.

प्रश्न : बार्शीहून लिहितेय. आजीचं तांब्याचं घंगाळ आणि पितळेचे सहा डबे माळ्यावर आहेत. भंगारवाला किलोचा भाव देतोय, चांगला देतोय. घरात जागा नाही. देऊन टाकू का?

थांबा, आज देऊ नका. आधी खाली उतरवा, ओल्या फडक्यानं पुसा आणि उलटून बघा. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत होती ना, ते ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव, बुडाशी नाहीतर काठाखाली असतं. नुसतं नाव नसतं, कुणी कुणाला कशासाठी दिलं ते पण असतं.

दोन वर्षांपूर्वी मला कुंभार वेशीकडच्या एका भंगाराच्या दुकानात एक घंगाळ दिसलं होतं. कडी एकच, दुसरीच्या जागी नुसती दोन भोकं, आतनं हिरवं पडलेलं. वर लोखंडी पत्र्याचे तुकडे टाकलेले होते. मी ते पत्रे काढले, घंगाळ पालथं केलं आणि अंगठ्यानं बुड पुसत गेले तसं एकेक अक्षर वर यायला लागलं, एका बाईचं नाव, पुढं 'हिस मामाकडून', आणि 'शके १८७१'. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९४९ नाहीतर ५०चं लग्न. कोरणाऱ्याचा 'क' दर वेळी जरा डावीकडं झुकलेला होता. तिथंच उकिडवं बसून मी ते तीन वेळा वाचलं. मामानं भाचीला दिलेलं ते घंगाळ वितळून जायला निघालं होतं हो! मी भंगाराच्या भावापेक्षा दीडशे रुपये जास्त दिले, कारण दुकानातल्या पोरानं मला पत्रे बाजूला करायला मदत केली होती आणि मी खूश झालेली त्याला दिसत होतीच, तिथं तोंड पाडून घासाघीस करणं मला जमलं नसतं.

तर तुमच्या डब्यांवर नाव असेल तर ते घरातच कुणाला तरी द्या. आत्या, मावशी, परदेशातली भाची, विचारून बघा, जे माळ्यावर कुणाला नको असतं ते नावासकट फोटो पाठवला की तीन जणींना हवं असतं. नाव नसेल, पत्रा पातळ असेल, चीर गेलेली असेल, तर खुशाल मोडीत द्या, सगळं जपायचं म्हणजे घराचं गोदाम होतं. फक्त देताना तांबं वेगळं, पितळ वेगळं वजन करायला लावा, तांब्याचा भाव जास्त असतो आणि एकत्र तोलला की सगळं पितळेच्या भावात जातं. घरच्या काट्यावर आधी तोलून ठेवा. वापरायचं ठरवलं तर पितळेच्या डब्यात चिंच, ताक, लोणचं असलं आंबट काही कल्हई केल्याशिवाय ठेवायचं नाही.

एक सावधगिरी. 'जुनं तांब्याचं भांडं आहे का, तांदूळ ओढतं का, कोटी रुपये देतो' असं विचारत कुणी आलं तर दार लावून घ्या. तांदूळ चुंबकासारखे ओढणारं भांडं ही देशभर चाललेली फसवणूक आहे, आधी तपासणीची फी म्हणून तुमच्याकडूनच पैसे काढतात.

प्रश्न : मी अकरावीत आहे. आजोबांच्या डब्यात ६०-७० जुनी नाणी सापडली. मोबाईलवर येतं की वैष्णोदेवीचं पाचचं नाणं असेल तर दहा लाख मिळतात. माझ्याकडे ते आहे!! मित्र म्हणतो लगेच विक. आणि नाणी घासून चकाचक करू का?

बाळा, दोन गोष्टी लगेच : घासू नकोस आणि त्या जाहिरातीवर नंबर टाकू नकोस.

वैष्णोदेवीची नाणी २०१२ सालची आहेत, सरकारनं भरपूर काढली होती, ती पाच रुपयालाच चालतात. जाहिरातवाला म्हणतो गिऱ्हाईक तयार आहे, फक्त रजिस्ट्रेशनचे आणि टॅक्सचे दोन-तीन हजार आधी भर, आणि मग फोन बंद. रिझर्व्ह बँकेच्या नावानं पण असे फोन येतात. बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय की असल्या जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आम्ही नाही आणि कुणाला फी, कमिशन घ्यायला नेमलेलंही नाही.

आता तुझ्या डब्याकडं ये, कारण खरी मजा तिथं आहे. एक जाड टॉवेल पसर आणि नाणी रंगानं वेगळी कर. चांदीसारखा रुपया दिसला तर साल बघ. व्हिक्टोरिया राणीपासून १९३९ पर्यंतच्या रुपयात जवळजवळ ९२ टक्के चांदी आहे, १९४० ते ४५च्या रुपयात निम्मी, आणि १९४७चा रुपया निकेलचा आहे, त्यात चांदी नाहीच. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, सराफाच्या काट्यावर करून घे. लोहचुंबक लावून बघ, चांदी चिकटत नाही. (१९४७चा निकेलचा चिकटतो.) भोकाचा पैसा असेल तर तो १९४३ ते ४७चा, खूप निघाले होते त्यामुळे किंमत फार नाही पण हातात धरायला किती छान वाटतो! 'नया पैसा' लिहिलेली नाणी १९५७ पासूनची, त्याआधी सोळा आणे म्हणजे रुपया आणि एका आण्याचे चार पैसे होते, आजोबांना विचार, ते तोंडी हिशेब करून दाखवतील. आपल्याकडच्या घरात चारमिनारचं चित्र असलेली नाणी पण हमखास सापडतात, ती निजामाची. तुळजापूर, नळदुर्ग १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात होतं ना, सोलापूरच्या बाजारात तिकडची माणसं रोज यायची.

आणि तांब्याचं मोठं जाडजूड नाणं, एका बाजूला हनुमान किंवा रामदरबार आणि दुसरीकडं ईस्ट इंडिया कंपनी, १८१८, असं असेल तर ते कंपनीनं काढलेलंच नाही. असले ठोकळे नंतर कुणीतरी पाडून विकलेत. देव्हाऱ्यात ठेव, पण कुणी हजारो रुपयांना विकायला लागला तर घेऊ नकोस.

घासायचं का नाही ते सांगते. नाण्यावर बसलेला जुना काळपट थर संग्राहकाला हवा असतो. चिंच, लिंबू, टूथपेस्ट लावली की अक्षरांची धार जाते आणि किंमत तिथंच पडते. समई घासायची, नाणं नाही. फार माती असेल तर नुसत्या पाण्यात भिजवून मऊ कापडानं टिपून घे.

स्वतंत्र भारताच्या नाण्यावर सालाखाली बघ, शंकरपाळ्यासारखी खूण असेल तर मुंबईची टांकसाळ, चांदणी असेल तर हैदराबाद, टिंब असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. एवढं करून वहीत यादी लिहून काढ. मग विकायचं का ठेवायचं ते तूच मला कळव.

प्रश्न : सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत भाव किती पाडून मागावा? मला लाजच वाटते.

निम्म्यानं मागायचं वगैरे मी सांगणार नाही. पहिल्या दिवसांत नुसतं फिरा, होम मैदानावर एकच बरणी तीन ठिकाणी विचारा, तुम्हाला आपोआप भाव कळतो. संक्रांतीनंतर यात्रा उठायला येते तेव्हा दुकानदारांना उरलेला माल गाडीत भरून पुढच्या गावाला न्यायचा नसतो, विशेषतः चिनी मातीच्या बरण्या, आरसे, लाकडी पोळपाट असली फुटणारी किंवा जड वस्तू. त्या दिवसांत ते स्वतःहून खाली येतात. सकाळी बोहनीच्या वेळी गेलात तर भाव मागून परत फिरू नका, घ्यायचंच असेल तर बोला. आणि जो माणूस जमिनीवर फडकं टाकून दहा वस्तू विकतोय त्याच्याशी दहा रुपयांवरनं वाद घालू नका, ते दहा रुपये त्याला लागतात.

प्रश्न : अक्कलकोट तालुक्यात आमचा पडका वाडा आहे, भावकीत चार वाटे. एक जण म्हणतो माझ्या ओळखीत पायाळू माणूस आहे, अमावस्येला पूजा केली की धन कुठंय ते दिसतं, ६० हजार खर्च आहे. घरातली दोन माणसं तयार झालीत. मी एकटा विरोधात आहे. खरंच धन असलं तर?

दादा, तुम्ही विरोधात आहात ते शंभर टक्के बरोबर आहात, हटू नका. पायाळू माणसाला जमिनीखालचं दिसतं हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय, पण आईच्या पोटातून पाय आधी बाहेर आले म्हणून डोळ्याला माती आरपार दिसत नाही. आणि हे प्रकरण ६० हजारांवर थांबत नाही. आधी पूजा, मग कोंबडं, मग 'अडथळा आहे, अजून मोठा विधी लागेल', आणि या नादात माणसांचे जीव गेलेत, मुलांचे गेलेत. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे. ज्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर इतकी वर्षं झटले आणि ज्यांचा खून झाल्यावर तो आला, तो याच असल्या गोष्टींसाठी आहे. घरातल्या त्या दोघांना हे पान वाचून दाखवा आणि तरीही अमावस्या ठरलीच तर सरळ पोलीस ठाण्यात आधी कळवा.

आता 'खरंच असलं तर'. असू शकतं, जुन्या वाड्यांच्या भिंतीत, चुलीखाली लोक पुरून ठेवायचेच, बँका नव्हत्या. पण ते सापडतं दुरुस्तीला, पाया काढताना, गवंड्याच्या पहारीला. सापडलं की त्याला १८७८चा निखात निधी कायदा लागतो. दहा रुपयांच्या वर किमतीचं काही जमिनीत निघालं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, काय, किती, कुठं, कधी सापडलं ते लिहून. ते चौकशी करतात, शंभर वर्षांच्या आत कुणी पुरलं होतं का, कुणाचा हक्क निघतो का ते बघतात. कुणाचाच निघाला नाही तर ज्याला सापडलं त्याला चारातले तीन हिस्से आणि जागामालकाला एक हिस्सा, आपसात वेगळं ठरलेलं नसेल तर. सरकारला ते स्वतःकडं ठेवायचं असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येतं. लपवलं तर वाटा जातो आणि वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे बघा, वाडा पाडायला लावलेल्या मजुराला हंडा सापडला तर कायद्यानं तुमच्यापेक्षा त्याचा वाटा मोठा असू शकतो. बहुतेकांना हे माहीतच नसतं आणि तिथूनच भांडणं सुरू होतात.

त्या ६० हजारांत चौघांनी मिळून वाड्याची मोजणी करून घ्या आणि सागवानी तुळया, कोरीव खांब, दगडी उंबरा पावसात कुजायच्या आत झाकून ठेवा. जुन्या सागवानाला आज जो भाव आहे तो विचारून बघा, तुमचं धन उघड्यावर उभं आहे.

प्रश्न : वडील मिलमध्ये होते. ते गेल्यावर ट्रंकेत १९८०च्या आसपासची दोन शेअर सर्टिफिकेटं आणि एका बँकेचं पासबुक निघालं. कंपनीचं नाव आता कुठं दिसत नाही. रद्दी समजायची का?

अजिबात नाही काका. कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, लॅमिनेशन करू नका. कंपनीचं नाव दिसत नाही याचा अर्थ ती बुडालीच असा नाही, बऱ्याचदा नाव बदललेलं असतं नाहीतर दुसऱ्या कंपनीत मिसळलेली असते, नेटवर जुनं नाव टाकून शोधा. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही की तो आणि ते शेअर सरकारच्या आयईपीएफ या निधीत जातात, पण वारसाला ते परत मागता येतात, आयईपीएफ-५ नावाचा ऑनलाईन फॉर्म आहे. वारसाचे कागद, मृत्यूचा दाखला, डीमॅट खातं लागेल. वेळ खूप जातो. टक्केवारी मागणारे एजंट भेटतील, सही करायच्या आधी घरातल्या शिकलेल्या पोराला एकदा स्वतः प्रयत्न करायला सांगा.

पासबुकाचं सोपं आहे. दहा वर्षं हात न लावलेलं खातं असेल तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, बुडत नाहीत. २०२३ पासून 'उद्गम' नावाचं पोर्टल आहे, त्यावर वडिलांचं नाव आणि पॅन किंवा जन्मतारीख टाकून शोधता येतं. तिथं फक्त शोध लागतो, पैसे मागायला बँकेच्या शाखेतच जावं लागतं. नावाचं स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून बघा, जुन्या क्लार्कनी आपली तेलुगू आणि कानडी आडनावं कशीही लिहिलीत.

प्रश्न : रद्दीवाल्याकडे चांगली पुस्तकं कशी शोधायची?

परीक्षा संपल्यावर आणि दिवाळीच्या सफाईत जा. घरं रिकामी होतात तेव्हा माल येतो. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ साली का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'पासूनची, त्यामुळे जुन्या घरांतून गठ्ठेच्या गठ्ठे निघतात आणि त्यातली चित्रं, जाहिराती बघायला मिळणं हेच मोठं सुख आहे. पुस्तक घेतलं की पहिलं पान आणि त्याच्या मागचं पान बघा, आवृत्ती पहिली आहे का. मग पुस्तक पालथं धरून हळू हलवा, चिठ्ठी, मोरपीस, एसटीचं तिकीट, काहीतरी पडतंच. किडीची भोकं असतील तर कितीही दुर्मिळ असू दे, घरात आणू नका, तुमचं सगळं कपाट जाईल.

प्रश्न : ताई, मंगळवार बाजारातनं आठशे रुपयांना लाकडी कपाट आणलं. खण निघत नव्हता, सुताराला दाखवला तर मागं कापडात गुंडाळलेली मोत्यांची नथ आणि एका लहान मुलाच्या पायातले चांदीचे वाळे निघाले. मिस्टर म्हणतात कपाट विकत घेतलं म्हणजे आतलं आपलंच. मला रात्री झोप लागत नाहीये.

तुमची झोप गेली याचंच मला बरं वाटलं. कपाटवाल्यानं लाकूड विकलं, नथ विकली नाही, कारण ती आत आहे हे त्यालाच माहीत नव्हतं. आणि मालक शोधता येण्यासारखा असताना सापडलेली वस्तू गुपचूप ठेवून घेणं कायद्यानंही चालत नाही, हे मिस्टरांना सांगा. पण कायदा राहू दे. नथ एकवेळ दुसरी करता येईल. ते वाळे कुणाच्या पायातले आहेत? ते मूल आता साठ वर्षांचं असेल, नाहीतर ते मूल राहिलंच नसेल आणि म्हणूनच कुणी ते असे कापडात बांधून खणाच्या मागं सरकवले असतील. आपल्याला माहीत नाही. पण त्या घरातल्या कुणाला तरी माहीत असेल.

असं करा. दोन्ही वस्तूंचे फोटो काढा, सुताराला साक्षीला ठेवून सापडल्याची तारीख कागदावर लिहा आणि त्याची सही घ्या. फोटो कुणालाही दाखवू नका, व्हॉट्सॲपवर तर मुळीच टाकू नका, नाहीतर उद्या दहा मालक उभे राहतील. पुढच्या मंगळवारी त्याच विक्रेत्याकडं जा. वस्तूबद्दल बोलू नका, फक्त विचारा की हे कपाट कुठल्या घरातनं आलं, मला त्याच घरातलं अजून सामान बघायचंय. बहुतेक वेळा सांगतात. घर सापडलं की त्यांना सांगायचं, तुमच्या कपाटात काहीतरी मिळालंय, काय असेल सांगा बघू. ज्याला नथ आणि वाळे दोन्ही सांगता येतील त्यालाच द्या. दोन-तीन महिन्यांत काहीच पत्ता लागला नाही तर त्या कागदासकट जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करा आणि पोच घ्या.

आणि जायच्या आधी कपाट भिंतीपासून पुढं ओढून मागची फळी टॉर्चनं बघा. जुन्या सामानवाले उचलताना तिथं खडूनं पेठेचं नाव नाहीतर घर नंबर लिहून ठेवतात, दोनदा मला तसं सापडलंय. काय निघालं ते कळवा, मी वाट बघतेय.